कुणाचं पाप?

रामनगर, ता. जोयडा

चि. पोरी,



तुझं पत्र चार वेळा वाचलं. बाळ जाऊन चाळीस दिवस झाले आणि तू विचारतेस, "आत्या, माझं कुठलं पाप भोवलं?" समाचाराला आलेल्या कुणीतरी हे तुझ्या मनात भरवलं असणार. ते आधी काढून टाक. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य हेच विचारतात: पाप याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. मग थुंकीनं चिखल करून तो त्याच्या डोळ्यांना लावतो.

काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं आपलं सुपा गाव धरणाखाली गेलं, तेव्हा मी शाळकरी होते. इथं रामनगरला आल्यावर लोक तुझ्या आजोबांना समजावत, "देवाची इच्छा." आजोबा आणखीच मुके होत. धरण माणसांनी विजेसाठी बांधलं. ते देवाच्या माथी का मारायचं? एके दिवशी जंगलाकडचे ओळखीचे कुणबी शेतकरी आले. ओसरीवर मुडलीचे कंद ठेवले, आजोबांशेजारी दिवेलागणीपर्यंत गप्प बसले आणि उठून गेले. त्या रात्री आजोबांनी कितीतरी महिन्यांनी प्रार्थना केली. आईला एवढंच म्हणाले, "आज प्रभू येऊन बसला होता."

लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला. तेव्हा तुझं रडणं म्हणजे अविश्वास नव्हे. देवाशी भांडावंसं वाटलं तर भांड. स्तोत्रांतले कितीतरी भक्त गाऱ्हाण्यानंच तोंड उघडतात.

पंडिता रमाबाईंचंच बघ. त्या १८५८ साली आपल्याच सह्याद्रीत, गंगामूळच्या रानात जन्मल्या. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली; १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी आणलं आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून काही दुष्काळ चांगला ठरत नाही. १९२१ साली त्यांची एकुलती लेक मनोरमाही गेली. मोठ्या कामानं मरण टळत नाही, पोरी.

पुनरुत्थानानंतरही प्रभूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण राहिले. थोमाला त्यानं तेच दाखवले. दुःखाचा अर्थ मला इतकाच उमगला: जखम झालेला हात दुसऱ्याची जखम जपून धरतो, आणि तो हात प्रभू आपल्या हातात घेतो. तुझ्यापाशीही कधी एखादी आई येऊन बसेल. तिला काय बोलू नये, हे तुला ठाऊक असेल. पण त्याची आज घाई नाही. बाळाची दुपटी आहेत तिथंच राहू देत.

पाऊस ओसरला की ये. मी तुला काही समजावणार नाही. मुडली उकडून ठेवीन. दिवेलागणीपर्यंत दोघी ओसरीवर बसू.

तुझी,
आत्या