अपिलाचा वकील नेमकं काय करतो?

दहावीच्या वर्गात दरवर्षी मी एक तास 'पुढे काय?' या विषयाला देते. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा. यंदा एका चिठ्ठीवर होतं, 'वकील'. लिहिणारा मुलगा वर्गात क्वचितच तोंड उघडतो, पण उताऱ्यावरचे प्रश्न त्याच्याइतके नेमके कुणी सोडवत नाही. पालकसभेला त्याचे वडील म्हणाले, "मॅडम, वकिलीला तोंड लागतं. ह्याला दुकानात भाव विचारायला पाठवला तर तसाच परत येतो." सगळे हसले. मुलगाही हसला, पण मान खाली घालून.

वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातलं कोर्ट येतं. पिंजऱ्यात साक्षीदार, समोर काळा कोट, जोरात उलटतपासणी. हे काम असतं, आणि महत्त्वाचंही असतं. पण ज्या कामात एकही साक्षीदार समोर उभा राहत नाही अशीही वकिली आहे. ती म्हणजे अपिलाची वकिली. हा पाठ मी त्या मुलासाठी तयार केला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या वडिलांसाठीही.

आधी साधं उदाहरण घेऊ. बांधावरून दोन भावांत दावा झाला. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात साक्षी झाल्या, सातबारा आणि मोजणीचे नकाशे दाखल झाले, निकाल धाकट्याच्या विरुद्ध गेला. तो जिल्हा न्यायालयात अपील करतो. त्यासाठी त्याला साधारण 30 दिवस मिळतात, आणि अपील उच्च न्यायालयात जाणारं असेल तर 90. आता नवा साक्षीदार आणता येईल का? अगदी अपवाद सोडला तर नाही. खाली जे नोंदलं गेलं, तेवढ्यावरच भांडायचं. जिल्हा न्यायालयातही हरला, तर उच्च न्यायालयात दुसरं अपील होतं, पण तिथे दार आणखी अरुंद. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तरच आत घेतात. 'माझ्यावर अन्याय झाला' एवढं म्हणून भागत नाही. अन्याय कुठल्या पानावर, कुठल्या कलमाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे झाला, ते दाखवावं लागतं.

म्हणून अपिलाच्या वकिलाचा बराचसा दिवस वाचण्यात जातो. खालच्या कोर्टाची सगळी कागदपत्रं एकत्र बांधलेली असतात, त्याला पेपरबुक म्हणतात. शेकडो पानं, कधी हजारो. त्यातून न्यायाधीशाची चूक शोधायची, तसाच मुद्दा आधी कुठल्या निकालात आला होता ते पाहायचं, आणि मग मोजक्या शब्दांत अपिलाची कारणं लिहायची. शेवटी तोंडी युक्तिवाद असतोच, त्यामुळे 'तोंड लागतच नाही' असं मी त्या वडिलांना सांगणार नाही. पण तिथे आवाज चढवून काही मिळत नाही. न्यायमूर्ती मध्येच विचारतात, "हे कुठल्या पानावर आहे?" तेव्हा पान सांगता आलं पाहिजे.

या कामाचं मोल मुलांना कळावं म्हणून मी वर्गात अमेरिकेतला एक खटला सांगते. 1961 साली फ्लोरिडातल्या पनामा सिटी गावात एका पूल रूममध्ये चोरी झाली. क्लॅरेन्स अर्ल गिडियन नावाच्या गरीब माणसावर आरोप आला. त्याने कोर्टाकडे वकील मागितला. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे सरकारी खर्चाने वकील फक्त मृत्युदंडाच्या खटल्यात मिळायचा, म्हणून न्यायाधीशाने नकार दिला. गिडियनने स्वतःच साक्षीदारांना जमतील ते प्रश्न विचारले आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. तिथून त्याने तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलने अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाला पाठवला. न्यायालयाने तो घेतला आणि त्याच्या वतीने बोलायला वॉशिंग्टनचे नामांकित वकील एब फोर्टास यांना नेमलं.

इथे मी थांबते आणि मुलांना विचारते, तुम्ही फोर्टास असता तर काय म्हणाला असता? बहुतेक सगळे म्हणतात, "त्याने चोरी केली नाही असं सिद्ध करू." पण तो प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच. 1942 च्या बेट्स खटल्यातला जुना निकाल असा होता की आरोपी अडाणी आहे, मनाने दुबळा आहे किंवा खटला फार गुंतागुंतीचा आहे, अशी काही खास परिस्थिती असेल तरच वकील द्यायला हवा. गिडियनच्या बाबतीत अशी काहीतरी खास गोष्ट शोधून काढली असती, तर कदाचित तो एकटा सुटला असता. फोर्टास यांनी ती वाट घेतली नाही. त्यांचं म्हणणं उलटं होतं. हा माणूस शहाणा आहे, त्याला लिहिता-वाचता येतं, खटलाही साधा आहे, आणि तरीसुद्धा वकिलाशिवाय त्याला न्याय्य सुनावणी मिळू शकली नाही. याला मिळत नसेल तर कुणालाच मिळणार नाही. हाताशी असलेला सोपा मुद्दा सोडून द्यायचा, हे मला या कामातलं सगळ्यात अवघड वाटतं. आपली मुलं परीक्षेत माहीत असेल ते सगळं लिहितात. आपणच तसं शिकवतो म्हणा.

18 मार्च 1963 ला नऊही न्यायमूर्तींनी गिडियनच्या बाजूने निकाल दिला. तो लगेच निर्दोष ठरला नाही, त्याला फक्त पुन्हा खटला मिळाला. ऑगस्ट 1963 मध्ये त्याच गावात स्थानिक वकील फ्रेड टर्नर यांनी मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी घेतली आणि ज्यूरीने गिडियनला सोडलं. म्हणजे दोन वकील लागले. एकाने साक्षीदाराला बोलतं केलं, दुसऱ्याने त्या साक्षीदाराला एक प्रश्नही न विचारता हजारो कैद्यांसाठी दार उघडलं.

आपल्याकडचा याच जातीचा निकाल 1978 चा, होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. विद्यापीठाची खोटी पदवी प्रमाणपत्रं बनवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल एका प्राध्यापकाला शिक्षा झाली होती. तो सर्वोच्च न्यायालयात आला काही वर्षं उशिराने. निकालाची प्रत वेळेत हातात पडली नाही, हे त्याचं कारण. त्याला स्वतःला दिलासा मिळाला नाही. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही सरकारने दिला पाहिजे. निकालच हातात नसेल तर त्यातली चूक दाखवणार कशी?

हे सगळं सांगून झाल्यावर मी वर्गाला एक पान दिलं. शाळेची सहल, नोटीस अशी: 'शुक्रवारपर्यंत पैसे मॉनिटरकडे भरावेत. मुदतीत पैसे न भरणाऱ्यास नेले जाणार नाही.' एका मुलीने शुक्रवारी मॉनिटरला पैसे दिले, त्याने ते शनिवारी ऑफिसात जमा केले. वर्गशिक्षिकेने तिचं नाव कापलं. आता मुख्याध्यापकांकडे अपील लिहा, नवी माहिती घालायची नाही. बहुतेकांनी लिहिलं, मुलगी गरीब आहे, मॉनिटर विसराळू आहे. पानावर यातलं काहीच नव्हतं. त्या अबोल मुलाचं उत्तर दोन ओळींचं होतं: 'पैसे भरणे म्हणजे मॉनिटरला देणे की ऑफिसात जमा होणे, एवढाच प्रश्न आहे. नोटिशीत मॉनिटरकडे भरा असे लिहिले आहे, म्हणून तिने मुदतीत भरले.'

तो कागद मी वडिलांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "किती वर्षं लागतात ह्याला?"

तर तेही सांगते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा. राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. मग बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय परीक्षा. त्यानंतर कुणा ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनियर म्हणून राहायचं, आणि मुलांना खरी वकिली तिथेच समजते. मुंबई उच्च न्यायालयात 'अपेलेट साइड' अशी वेगळी बाजूच आहे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा इथे खंडपीठं आहेत आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच बसतं. सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या नावाने प्रकरण दाखल करायचं तर चार वर्षांच्या वकिलीनंतर एक वर्ष प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा असते.

पैशांचं मात्र स्पष्ट बोलावं. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. ज्या घराला मुलाच्या कमाईची लगेच गरज आहे, त्यांनी हे आधीच धरून चालावं. मी त्या वडिलांनाही तेच सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बघू. आधी दहावी तर होऊ दे."