पोटदुखीचे कारण पोटात नव्हते



पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत नर्स होतो. वस्तीतली एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन दोन महिन्यांत चार वेळा आली. दर वेळी तक्रार एकच, पोटात दुखते. पहिल्यांदा जंताची गोळी दिली. दुसऱ्यांदा लघवी तपासली. तिसऱ्यांदा सोनोग्राफी झाली, ती नॉर्मल आली. चौथ्यांदा आई म्हणाली, "सिस्टर, रात्री अंथरूण ओलं करते ओ. एवढी मोठी झाली तरी." आम्ही मुलीकडे बघून म्हणालो, "शाळा बुडवायला नाटक करतेस ना?" मुलगी खाली बघत राहिली. मागे रांग होती. आम्ही पुढचा केसपेपर हातात घेतला.

सहा महिन्यांनी तीच मुलगी विषारी औषध घेतल्यामुळे कॅज्युअल्टीत आली. वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने एका आयाबाईला सांगितले. वडील रात्रपाळीला, आई पहाटे घरकामाला. घरात राहायला आलेला एक नातेवाईक वर्षभर तिच्यावर अत्याचार करीत होता.

चार वेळा ती आमच्या समोर उभी होती. आमच्याकडे नर्सिंगचा डिप्लोमा होता, तरी आम्हाला ओळखता आले नाही, कारण ओळखायला कोणी शिकवले नव्हते. मग कामावरून दमून आलेल्या आईबापांना कोणी न सांगता कसे ओळखू येईल? म्हणून या वेळचा धडा या विषयावर आहे. शक्य असेल तर तो घरात मोठ्याने वाचा.

आधी चार गैरसमज काढून टाकू

पहिला गैरसमज: असे करणारा माणूस अनोळखी असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून अधिक मुलांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. आणि अत्याचार करणाऱ्यांत जवळजवळ निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आपण मुलीला सांगतो, अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको. पण काका, शेजारी, ट्युशनचा सर, रिक्षावाला यांच्याबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा गैरसमज: हे फक्त मुलींच्या बाबतीत होते. त्याच अहवालात मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कमी नव्हती. मुलगा सांगायला अधिक घाबरतो, कारण "तू मुलगा ना, मग प्रतिकार का नाही केलास?" असे आपणच विचारतो.

तिसरा गैरसमज: खरे असते तर मूल ओरडले असते, लगेच सांगितले असते. मोठा माणूस धमकी देतो, खाऊ देतो, मोबाईल खेळायला देतो, "आईला कळलं तर ती मरेल" असे सांगतो. लहान मूल त्यावर विश्वास ठेवते. कित्येक मुले वर्षानुवर्षे बोलत नाहीत. उशिरा सांगितले म्हणून ते खोटे ठरत नाही.

चौथा गैरसमज: अंगावर जखम नाही, म्हणजे काही झालेले नाही. बहुतेक वेळा शरीरावर खूण सापडत नाही. स्पर्श करणे, घाणेरडे व्हिडिओ दाखवणे, मुलाचे कपडे काढून फोटो घेणे हासुद्धा अत्याचार आहे आणि गुन्हा आहे.

मूल तोंडाने बोलत नाही, वागण्यातून सांगते

पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवा.

१. डॉक्टरांना कारण सापडत नाही अशी पोटदुखी, डोकेदुखी पुन्हा पुन्हा होणे.
२. अंथरूण ओले करणे बंद झाले होते, ते पुन्हा सुरू होणे. झोपेत दचकणे.
३. एका ठरावीक माणसाकडे किंवा ठरावीक घरी जायला नकार देणे.
४. लघवीच्या जागी आग, दुखणे, खाज, रक्त. चालताना-बसताना त्रास.
५. वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे किंवा खेळ.
६. हसते-खेळते मूल एकदम गप्प होणे, किंवा एकदम चिडके होणे. अभ्यासात घसरण.
७. कोणी दिले हे न सांगता येणारे पैसे, वस्तू, रिचार्ज.
८. "मला मरायचंय" असे बोलणे, स्वतःला इजा करून घेणे.

यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे अत्याचार झालाच, असे समजू नका. इतर कारणेही असतात. पण मुलाला जवळ बसवून विचारायची वेळ आली आहे, एवढे नक्की समजा. या लक्षणांना आपल्याकडे अजूनही कुठे कुठे "बाहेरचं झालंय" म्हणतात आणि भगताकडे नेतात. उताऱ्यात आणि गंड्यात महिने जातात, आणि तेवढे महिने तो माणूस घरातच असतो.

मूल सांगू लागले तर

हातातले काम बाजूला ठेवा. मुलाच्या उंचीला येऊन बसा. ते सांगेल ते त्याच्याच शब्दांत ऐकून घ्या. मग या तीन गोष्टी बोला: "तू सांगितलंस ते बरं केलंस." "तुझी काही चूक नाही." "आता आम्ही बघतो."

"तू तिथे गेलीसच कशाला", "आधी का नाही बोललीस", "बाबांना कळू देऊ नको" ही वाक्ये तोंडातून काढू नका. पुन्हा पुन्हा सगळे वदवून घेऊ नका. शेजारणीला बोलावून तिच्यासमोर सांगायला लावू नका. आणि रागाच्या भरात लगेच त्या माणसाच्या दारात जाऊ नका. तो पळून जातो, पुरावा नष्ट करतो, आणि उलट तुमच्यावरच मारहाणीची केस होते.

पहिले तीन दिवस दवाखान्याचे

घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे वर्तमानपत्रात किंवा कागदी पिशवीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. आंघोळ झाली असली, कपडे धुतले असले, तरीही दवाखान्यात जा.

एचआयव्ही होऊ नये यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. मुलीला पाळी सुरू झाली असेल तर गर्भ राहू नये याची गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा मुलावर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे असतात. "आधी पोलिसांकडून कागद आणा" असे कोणी म्हटले तर ते बेकायदा आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असली पाहिजे. पूर्वी होणारी दोन बोटांची तपासणी आता बंद आहे. कोणी तसे करू लागले तर स्पष्ट नकार द्या.

दिवस गेले असतील तरी लपवू नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलीचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीररीत्या होऊ शकतो. भोंदूकडच्या औषधाने जीव जातो.

कायदा आपल्या बाजूने काय सांगतो

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल, मुलगा असो की मुलगी, त्यात येते. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार घेतली पाहिजे आणि एफआयआरची प्रत फुकट दिली पाहिजे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नको. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचे नाव, फोटो, पत्ता, शाळा कुठेही छापता येत नाही. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "न्याय द्या" म्हणून मुलीचा फोटो टाकणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे.

ज्याला असा गुन्हा झाल्याचे माहीत आहे, त्याने तो कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे शिक्षकांना लागू आहे, आम्हा नर्सना लागू आहे, आणि शेजाऱ्यांनाही.

आपल्या घरांसाठी आणखी एक मुद्दा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर पॉक्सोबरोबर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लावायला सांगा. आपण बौद्ध झालो म्हणून हा कायदा लागू नाही, असे कोणी सांगितले तर मान्य करू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना हा दर्जा मिळाला आहे. अशा गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. जातीचे दाखले वेळेवर काढून ठेवा. आर्थिक मदतीसाठी महाराष्ट्रात मनोधैर्य योजना आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, तिथे वकीलही मोफत मिळतो.

केस चालू होते, पण मन तिथेच अडकलेले असते

पोलीस, दवाखाना, कोर्ट यांच्या धावपळीत मुलाच्या मनाकडे कोणी बघत नाही. अत्याचार झालेल्या मुलांना पुढे नैराश्य येण्याचा धोका जास्त असतो. कधी लगेच येते, कधी लग्नानंतर, कधी बाळंतपणानंतर.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणे, कशातच मन न लागणे, झोप आणि भूक बिघडणे, थकवा, "माझ्यामुळेच सगळं झालं" असे वाटणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. मुलांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड जास्त दिसते. हा आळस नाही, माजही नाही. मधुमेहासारखाच हा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. मुलांसाठी समुपदेशन महत्त्वाचे. औषध लागते का, ते डॉक्टर ठरवतील. औषधाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे किंवा थोडा जास्त वेळही लागतो, म्हणून आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नका. बरे वाटले तरी स्वतःच्या मनाने बंद करू नका. या गोळ्यांची नशा लागत नाही.

मूल मरण्याची भाषा करीत असेल तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट मन हलके होते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नका. फिनाईल, उंदराचे औषध, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या.

आरोपी आपल्यातलाच असेल तेव्हा

आता सर्वांत अवघड भाग. आम्ही नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करू लागलो, तेव्हापासून एक गोष्ट वारंवार पाहिली. आरोपी बाहेरचा असेल तर मोर्चा निघतो. आरोपी आपल्यातला असेल, जयंतीला पुढे असणारा, वर्गणी गोळा करणारा असेल, तर चार वडीलधारी बसतात आणि सांगतात, "आपसात मिटवा, समाजाची बदनामी होईल." त्याला समज देतात. मुलीला मामाच्या गावी पाठवतात. तिची शाळा सुटते, आणि तो दारातच राहतो.

या मंडळींची भीती खोटी नाही. आपल्या वस्त्यांकडे बोट दाखवायला लोक टपलेले असतात, हे आम्हीही सोसले आहे. पण त्या भीतीची किंमत अकरा वर्षांच्या मुलीने का भरावी? तिसरे शील आपण रोज विहारात म्हणतो. ते पाळणारी वस्ती आरोपीचे नाव लपवत नाही, मुलीचे नाव लपवते. आणि पॉक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. मिटवायला बसणाराच अडचणीत येऊ शकतो.

या महिन्यात करायच्या गोष्टी

घरी: मुलांना शरीराच्या सर्व अवयवांची नावे न लाजता सांगा. अंतर्वस्त्राखालची जागा आई, बाबा स्वच्छतेसाठी आणि डॉक्टर आईबाबांसमोर तपासण्यासाठी, याशिवाय कोणी हात लावायचा नाही. कोणीही असे केले तर "नाही" म्हणायचे, तिथून निघायचे आणि सांगायचे. घरातल्याने केले तरी सांगायचे.

विहारात: एका रविवारी आशाताई, अंगणवाडीताई आणि शाळेतल्या बाईंना बोलावून तासभर हा विषय घ्या. बापांनाही बसवा.

भिंतीवर: हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. तिन्ही मोफत, दिवसरात्र. टेलिमानसवर मराठीत बोलता येते.

ती मुलगी आता सत्तावीस वर्षांची आहे. उपचार घेतले, बारावी केली, नोकरी करते. तिला विचारूनच हे लिहिले आहे, ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही. मागे आम्ही तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी आईला बाहेर बसवून मला एकदा विचारलं असतंत ना, तर मी सांगितलं असतं."

आज रात्री जेवण झाल्यावर टीव्ही बंद करा आणि आपल्या मुलांना एकेकटे जवळ बसवून विचारा.