सापाच्या तोंडाशी कारण लिही

अगं छोटे, फोनवर तुझं ऐकून घेतलं, आता माझं ऐक. बुंदेलखंडातल्या गरौठ्यातली तुझी अकरावी-बारावीची पोरं विचारतात, "दीदी, बाहर कैसे जाते हैं?" आणि तू फळ्यावर शिष्यवृत्त्यांची यादी लिहितेस. यादी वहीत उतरते, वही दप्तरात जाते, संपलं. ती पुसून टाक आणि पट मांड. सापशिडीचा.

हसू नकोस. परदेशाबद्दल त्या पोरांच्या कानावर येतात त्या नुसत्या शिड्या. अमक्याचा भाऊ दुबईला गेला, तमक्याने पक्कं घर बांधलं. मधल्या घरांचं कुणी बोलत नाही आणि साप झाकण्यातच एजंटचं पोट भरतं. आपला जुना मोक्षपट आठव, ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात तो. त्यात कुठल्या गुणाने वर गेलात आणि कुठल्या दोषाने घसरलात, हे घरावर लिहिलेलं असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात पोचला, हळूहळू नावं गळाली, आकडे उरले. दुकानातला साप म्हणून मुका असतो. तुझ्या पटावर प्रत्येक सापाच्या तोंडाशी कारण लिही.

पहिला साप अगदी घरगुती ठेव. मार्कशीटवर नाव एक, आधारवर दुसरं, वडिलांच्या नावात कुठे 'लाल' आहे, कुठे नाही. इकडे पुण्यात मी मुलांची परदेशाची कागदपत्रं लावून देते, तेव्हा सांगते, इंग्रजीपेक्षा जास्त पोरं या सापाने गिळलेली पाहिली आहेत.

दहावी पास हे घर मोठं रंगव. दहावी नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येतो आणि आखातातल्या देशांसह अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. ज्याला शाळा सोडायची घाई आहे त्याला हे घर एकदा अडवू दे, तुझं भाषण वाचेल. पुढचं घर एजंटचं. तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा. त्याची फी जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी, तीही पावती घेऊन. "आत्ता टूरिस्ट व्हिसावर जा, तिथे कामाचा करून देतो," हा पटावरचा सगळ्यात लांब साप. त्याची शेपटी पार पहिल्या घरात सोड. मार्च 2025 मध्ये म्यानमारच्या सायबर ठगीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. तेही नोकरीच्याच आमिषाने गेले होते.

काही घरं ना साप, ना शिडी. 2024 च्या जानेवारीत लखनौला इस्रायलसाठी सेंटरिंग, सळई, प्लॅस्टर, टाइल्सच्या कारागिरांच्या चाचण्या झाल्या. पगार महिन्याला सव्वा लाखाच्या वर होता आणि तिकडे तेव्हा युद्ध चालू होतं. या घरावर फासा बाजूला ठेव, बोलू दे त्यांना. तू मात्र मत देऊ नकोस.

शिकायला जाणाऱ्यांची वाट वेगळ्या रंगाने काढ. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या 125 जागा आहेत, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी. बाकीच्या भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या घरांसाठी. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं. तीस टक्के जागा मुलींच्या, हे मुलींच्या बाकाकडे बघून वाच. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं फी घेत नाहीत, हे पोरांना माहीत असतं. वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, हे नसतं. आणि हो, कुणीतरी मोबाइलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती शोधून आणेल. ती महाराष्ट्राच्या रहिवाशांना. आपल्यासारख्यांचं आडनाव मराठी असून भागत नाही, दाखला उत्तर प्रदेशचा आहे.

फाशावर सगळं सोपवू नकोस, नाहीतर पोरं म्हणतील नशिबाचा खेळ आहे. व्हिसाची तारीख, रुपयाचा भाव, ऐन वेळी घरातलं आजारपण, एवढंच फाशाकडे. भाषा शिकायची की आधी कमवायचं, जमीन गहाण टाकायची की एक वर्ष थांबायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. सुरुवातीचं भांडवल सारखं देऊ नकोस; कुणाला दोन एकर कोरडवाहू, कुणाला वडिलांची पेन्शन. चिठ्ठ्या काढून दे म्हणजे कुणाचं खरं घर उघडं पडणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका रविवारी आयांना आणि वडिलांना बोलाव. "मुलगी एकटी कशी जाणार?" या प्रश्नाचं घर तू कितीही चांगलं लिहिलंस तरी ते मुलींना पाठ आहे. पण मुलीची सोंगटी वडिलांच्या हातात दे. ती शंभराच्या जवळ आली की माणूस फासा फुंकायला लागतो, बघच तू! कुणी परंपरा काढली तर गुरसरायच्या खेर राजांचं नाव घे. त्या खेरांतले पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले मूळचे रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे. कोकणातून बुंदेलखंड तेव्हा परदेशापेक्षा जवळ नव्हता.

पहिला पट पुठ्ठ्यावरच कर, छापायला देऊ नकोस. नियम बदलतात, रकमा वाढतात. आकडे पेन्सिलीने लिही आणि दर सत्राला पोरांकडूनच अधिकृत साइटवर तपासून घे. सोंगट्यांना चिंचोके चालतील. गावातला एखादा एजंट येऊन कुरकुर करेलच. त्याला चहा दे, खेळायला बसव आणि नोंदणीच्या घरावर आला की सगळ्यांदेखत त्याचा नंबर विचार.