बियांपासून खजूर : उगवण, रोपसंगोपन आणि नर-मादीचा प्रश्न

बरही, मेडजूल यांसारख्या जातींचे ऊतीसंवर्धित रोप शेतकऱ्याला महाग पडते, आणि खाल्लेल्या खजुराची बी मात्र फुकट मिळते. त्यामुळे बियांपासून तयार केलेली रोपे जातीच्या नावाने खपविण्याचा मोह काही विक्रेत्यांना होतो. अशा बागेतील फसवणूक लगेच लक्षात येत नाही. ती कळते पाच-सात वर्षांनी, जेव्हा निम्म्या झाडांना फळ न धरता केवळ नरफुलांचे तुरे येतात. त्याच वेळी हेही खरे की, कच्छमधील मुंद्रा व आसपासच्या पट्ट्यातील लाखो खजूरवृक्षांपैकी बहुतेक बियांपासूनच वाढलेले आहेत आणि त्या बागा पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देत आहेत. तेव्हा बियांपासून खजूर वाढवू नये, असे सरसकट सांगणे योग्य नाही. कशासाठी वाढवावा आणि कोणत्या अपेक्षेने, हे ठरवून मगच बी मातीत घालावी.

बी कोणत्या फळाची घ्यावी

येथे एका शब्दाचा घोटाळा आधी दूर केला पाहिजे. मराठीत 'खारीक' म्हणजे वाळलेले, सुरकुतलेले फळ. कच्छमध्ये 'खारेक' म्हणजे झाडावरून उतरविलेले ताजे, पिवळे वा लाल, करकरीत फळ. ही फळाची डोका अवस्था होय. तेथे जूनच्या अखेरीस पाऊस येतो, म्हणून फळ मऊ होऊन पिंड होण्याची वाट न पाहता याच अवस्थेत काढणी केली जाते. आपली बाजारातील खारीक सामान्यतः डोका अवस्थेतील फळे पाण्यात उकळून नंतर उन्हात वाळवून तयार होते. उकळताना बियांतील अंकुर मरतो. खारकेच्या बिया पेरून महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्यांच्या निराशेचे कारण बहुधा हेच असते. मऊ खजुराची बी मात्र चांगली उगवते. झाडावर पूर्ण पिकलेल्या फळाची बी सर्वांत उत्तम.

गर काढलेली बी एक-दोन दिवस पाण्यात ठेवून वाळूबरोबर चोळावी. साखरेचा अंश राहिला तर बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात. स्वच्छ केलेली बी कोरड्या, थंड जागी ठेवल्यास तिची उगवणक्षमता वर्षानुवर्षे टिकते. या टिकाऊपणाचा टोकाचा पुरावा इस्रायलमध्ये मिळाला. मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षे जुन्या बियांपैकी एक २००५ साली उगवली. त्या झाडाला 'मथुशेलह' असे नाव दिले गेले. पुढे ते नर निघाले, हा तपशील या लेखाच्या विषयाशी अगदी जुळणारा आहे.

उगवण प्रत्यक्षात कशी होते

खजुराच्या बीला एका बाजूस उभी खाच असते. तिच्या विरुद्ध बाजूस, पाठीच्या साधारण मध्यावर, एक बारीक गोल ठिपका दिसतो. त्याखाली अंकुर असतो. उरलेली बी म्हणजे दगडासारखा कठीण अन्नसाठा. ओलावा व उष्णता मिळाली की या ठिपक्यातून एक पांढरा दांडा बाहेर येतो. पाहणारे त्यास मूळ समजतात, पण ते मूळ नव्हे. तो बीजपत्राचा देठ असून, आपल्या टोकात दडलेला अंकुर घेऊन तो काही सेंटीमीटर खाली जमिनीत उतरतो. तेथे पोहोचल्यावर त्याच्या टोकातून खरे मूळ फुटते आणि बाजूच्या फटीतून पहिले पान वर निघते. बीजपत्राचे दुसरे टोक बीच्या आतच राहून कठीण साठा हळूहळू विरघळवून शोषत असते.

वाळवंटी वनस्पतीची ही युक्ती मोठी समंजस आहे: पृष्ठभाग तापून कोरडा पडण्याआधी रोपाचा जीव खोल, ओलसर थरात नेऊन ठेवायचा. रोपवाटिकेतील बहुतेक नियम यातूनच निघतात. पिशवी उथळ असेल तर देठ तळाला टेकून वाकतो. म्हणून ती किमान २५ ते ३० सेंटीमीटर खोल हवी. बी रोपाला चिकटलेली दिसली तरी ती ओढून काढू नये, कारण काही महिने रोप तिच्यावरच जगते. पांढरा दांडा मोडला तर ते रोप संपले असे समजावे.

पेरणीपूर्वी बी दोन ते तीन दिवस भिजवावी व पाणी रोज बदलावे. तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअस असल्यास दोन ते सहा आठवड्यांत अंकुर दिसतो. थंडीत पेरलेली बी ओलसर मातीत नुसती पडून राहते, कित्येकदा कुजते. म्हणून मार्च ते जून हा काळ सोयीचा. थोड्याच बिया असतील तर त्या ओलसर कोकोपीट वा वाळूसह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उबदार जागी ठेवाव्यात आणि दांडा एक-दोन सेंटीमीटर होताच खोल पिशवीत हलवाव्यात. माध्यम हातात दाबले असता पाणी गळू नये, इतपतच ओले असावे.

पहिली दोन वर्षे

पिशवीत दोन भाग वाळू, एक भाग पोयटा माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत पुरेसे होते. बी आडवी, दोन-तीन सेंटीमीटर खोल ठेवावी. पहिले पान साधे, अरुंद आणि उभे असते. गवताच्या पात्यासारखेच दिसते. खुरपणी करणाऱ्या मजुरांना हे आधी दाखवून ठेवावे, नाहीतर तण समजून रोपेच उपटली जातात. पहिल्या वर्षी अशी मोजकी साधी पाने येतात. पिसासारखी विभागलेली पाने पुढे दिसू लागतात. या काळात रासायनिक खताची घाई करण्याचे कारण नाही.

पाण्याविषयी मात्र एक गैरसमज सर्वत्र आढळतो. खजुराचे पाय पाण्यात आणि डोके आगीत असावे, अशी अरबी म्हण आहे. वाळवंटातील खजूर भूजलाच्या आधारावर उभा असतो. तो कोरड्यात जगणारा निवडुंग नव्हे. रोपाला नियमित पाणी लागते, फक्त ते साचता कामा नये. क्षारांचेही तसेच. मोठे झाड मातीच्या अर्काची क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत उत्पादनात घट न येता सोसते, पण कोवळ्या रोपाची सहनशक्ती त्याहून कमी असते. खारे पाणी असलेल्या गावांत निदान पहिल्या वर्षी रोपांना गोडे पाणी द्यावे. पहिल्या उन्हाळ्यात ५० टक्के सावलीची जाळी पुरते. ती पुढे टप्प्याटप्प्याने काढावी. दीड ते दोन वर्षांचे रोप फेब्रुवारी-मार्च किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेतात लावता येते. लावताना मधला कोंब मातीखाली गाडला जाणार नाही, एवढे पाहावे.

निम्मी झाडे नर

खजुरात नर व मादी झाडे स्वतंत्र असतात आणि बियांतून दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात निघतात. पानांवरून वा वाढीवरून लिंग ओळखता येत नाही. पहिल्या फुलोऱ्यासाठी चार ते आठ वर्षे थांबावे लागते. ८ बाय ८ मीटर अंतरावर हेक्टरी १५६ झाडे बसतात. एका खड्ड्यात एकच बीजरोप लावले तर सुमारे ७८ मादी मिळतील. परागीकरणासाठी नर झाडे पाच ते दहा टक्के असली तरी भागते, म्हणजे साठ-सत्तर नर झाडांनी इतकी वर्षे जमीन आणि पाणी विनाकारण वापरलेले असेल.

यावर साधा उपाय असा की, प्रत्येक खड्ड्यात थोड्या अंतराने तीन रोपे लावावीत आणि फुलोरा आल्यावर एकच ठेवावे. तिन्ही नर निघण्याची शक्यता आठात एक असते. १५६ खड्ड्यांपैकी १९-२० ठिकाणी तसे होईल. तेथे एक-एक नर राहू दिला की बागेची परागाची गरज भागून काही खड्डे उरतातच. खर्च वाढतो हे खरे, परंतु तो रोपांचा खर्च आहे. वाया गेलेल्या वर्षांपुढे तो कमीच ठरतो. नर ठेवतानाही निवड करावी. परागाचा परिणाम फळाचा आकार आणि पिकण्याचा काळ यांवर होतो, त्यामुळे भरपूर पराग देणारा, लवकर फुलणारा नर मोलाचा असतो.

मादी निघाली तरी ती आईसारखी निघत नाही. मेडजूलच्या बीतून मेडजूल येत नाही. गोड, तुरट, मोठे, बारीक, लवकर वा उशिरा, काहीही येऊ शकते. कच्छमध्ये ही विविधताच निवडीचा कच्चा माल ठरली, आणि २०२४ मध्ये कच्छी खारकेस भौगोलिक मानांकनही मिळाले. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे मात्र पाऊस कच्छपेक्षा आधी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचतो. उशिरा पिकणारी झाडे तेथे दरवर्षी पावसात सापडतील. म्हणून अशा भागात संपूर्ण व्यापारी बाग बीजरोपांवर उभी करणे परवडणारे नाही. बांधावरील वाराप्रतिबंधक ओळी, परागासाठी नर झाडे आणि स्थानिक निवडीसाठी राखलेला एखादा कोपरा, एवढ्यापुरती बीजरोपे उपयोगी आहेत.

रोप खरेदी करताना

जातीचे म्हणून दिलेले रोप लहान असेल तर बुडाची माती हलक्या हाताने बाजूला करून पाहावी. बी वा तिचे कवच चिकटलेले आढळले तर ते बीजरोप होय. रोप मोठे झाल्यावर अशी खूण उरत नाही. तेव्हा प्रयोगशाळेचे लेबल, तुकडी क्रमांक आणि जातीचे नाव लिहिलेली पावती याखेरीज दुसरा आधार नसतो. शिंदीची रोपेही खजुराच्या रोपांत मिसळलेली असू शकतात. शिंदीची बी आकाराने लहान असते आणि वाढलेल्या शिंदीला बुडाशी पिले फुटत नाहीत, खजुराला फुटतात.

बीजबागेतील खरी कमाई या पिलांतच आहे. लवकर पिकणारी, तुरटपणा नसलेली, घोस भरगच्च देणारी एखादी मादी सापडली की तिची पिले हुबेहूब तिच्यासारखीच होतात. झाड तरुण असतानाच ती फुटतात व त्यांची संख्या मर्यादित असते, म्हणून निवडीचे झाड ओळखताच त्याची पिले छाटण्याचे थांबवावे. पीलू तीन ते पाच वर्षांचे, स्वतःची मुळे धरलेले आणि साधारण १० ते १५ किलो वजनाचे झाल्यावर धारदार पहारीने वेगळे करावे. आईच्या खोडाला भोके, भुसा वा चिकट स्राव दिसत असेल तर तेथे लाल सोंडेकिडा असण्याची शक्यता असते. अशा झाडाचे पीलू कितीही गोड वाणाचे असले तरी दुसऱ्या गावात नेऊ नये.