प्लास्टिकवर रंग का टिकत नाही?

शिरूरहून चौफुल्याकडे निघालात की वाटेत न्हावरे लागते. हा उसाचा आणि साखर कारखान्याचा परिसर. याच शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांचा संयुक्त मोटार कारखाना आहे. तेथे पूर्वी १.३ लिटरचे डिझेल इंजिन तयार होई. २०२० मध्ये उत्सर्जनाचे 'भारत-६' नियम लागू झाले आणि ते बंद पडले. पण त्या काळच्या मोटारी अजून गावोगाव धावत आहेत. अशी एखादी मोटार गॅरेजात उभी असेल, तर मालकाला विचारून, इंजिन थंड असताना, बॉनेटखाली डोकावून पाहा. इंजिनावर काळ्या प्लास्टिकचे झाकण बसवलेले दिसेल.

दहाबारा वर्षांत धूळ, तेल आणि उष्णता यांनी हे झाकण भुरकट होते. मग कोणी हौशी माणूस स्प्रेचा डबा आणून त्याला लाल किंवा चंदेरी रंग देतो. चार दिवस झाकण झकास दिसते आणि पुढे रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. तोच रंग लोखंडी पत्र्यावर मात्र चांगला टिकतो. असे का व्हावे?

आधी एक साधा प्रयोग करा. काचेची पट्टी साबणाने धुऊन कोरडी करा आणि तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब पसरतो. आता पॉलिप्रॉपिलीनच्या डब्याचे झाकण तसेच धुऊन त्यावर थेंब सोडा. (डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो.) येथे थेंब फुगीर राहतो. पाण्याच्या रेणूंची आपसांतील ओढ म्हणजे संसक्ती. पाणी आणि पृष्ठभाग यांच्यातील ओढ म्हणजे आसंग. काचेवर आसंग वरचढ ठरतो, तर पॉलिप्रॉपिलीनवर संसक्ती.

आता आकडे पाहू. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा त्याच एककात जेमतेम ३०, नायलॉनची ४० च्या पुढे आणि स्वच्छ धातूची शेकड्यांच्या घरात असते. द्रवाचा पृष्ठताण घन पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा कमी असला, तरच द्रव नीट पसरतो. रंगाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा पुष्कळ कमी असला, तरी पॉलिप्रॉपिलीनवर त्याची पकड कच्चीच राहते. पॉलिप्रॉपिलीनचे रेणू केवळ कार्बन व हायड्रोजन यांचे असतात. रंगाच्या रेणूंनी धरावे असे त्यांत फारसे काही नसते.

म्हणून झाकण कशाचे आहे, हे आधी शोधा. ते उलटे केले की आतल्या बाजूस अक्षरे कोरलेली सापडतात. 'पीए' म्हणजे नायलॉन, 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि 'जीएफ ३०' म्हणजे त्यात ३० टक्के काचतंतू. नायलॉनवर रंग त्या मानाने सहज धरतो. पॉलिप्रॉपिलीनसाठी प्लास्टिकचा खास प्राइमर लागतो. त्यातील क्लोरीनयुक्त बहुवारिक एका अंगाने प्लास्टिकमध्ये शिरते आणि दुसऱ्या अंगाने रंगाला धरते. बंपर रंगवणाऱ्या कारखान्यांत कधी कधी पृष्ठभागावरून क्षणभर ज्योत फिरवतात. त्यामुळे ऑक्सिजनयुक्त गट तयार होऊन पृष्ठऊर्जा वाढते. हे घरी मात्र मुळीच करू नका.

रंगाचा आणखी एक शत्रू म्हणजे चकाकीसाठी मारलेले सिलिकोन पॉलिश. त्याचा अंश राहिला तर ओल्या रंगात बारीक खळगे पडतात. म्हणून आधी साबणाने धुणे, मग चांगले वाळवणे (नायलॉन ओल शोषते, म्हणून घाई नको), आणि मग वॉटर पेपरने हलकी घासणी. घासल्याने रंगाला धरायला जागा मिळते. माझ्या मते निम्मे अपयश या कंटाळवाण्या कामाच्या टाळाटाळीतून येते.

पकड चांगली असूनही रंग तडकू शकतो. ४० सेंटिमीटर लांबीच्या झाकणाचे तापमान ६० अंशांनी वाढले, तर साधे पॉलिप्रॉपिलीन सुमारे २.४ मिलिमीटर लांबते. तेवढीच पोलादी पट्टी ०.३ मिलिमीटर. ठिसूळ रंगाला इतके ताणणे झेपत नाही. काचतंतू घातले की प्रसरण बरेच कमी होते.

काळ्याऐवजी पांढरा रंग दिला तर इंजिन तापेल, अशी शंका काही जण काढतात. ९० अंश सेल्सिअसला उत्सर्जित होणाऱ्या उष्णतेची प्रमुख तरंगलांबी सुमारे ८ मायक्रोमीटर असते. त्या अवरक्त पट्ट्यात साधा पांढरा, लाल आणि काळा रंग जवळजवळ सारखेच वागतात. वेगळा वागतो तो ॲल्युमिनियमचा चुरा घातलेला चंदेरी रंग. तो उष्णता कमी उत्सर्जित करतो. तरीही फारसे बिघडत नाही, कारण इंजिन थंड ठेवण्याचे मुख्य काम रेडिएटरमधले पाणी करते.

झाकण कापून त्यात खिडकी पाडण्याचीही हौस असते. तशी पाडलीच तर कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्याशी ताण एकवटतो आणि इंजिनाच्या कंपनांनी तेथूनच चीर जाते. आतला फोम मात्र काढू नका. पुष्कळ झाकणांत तो इंजिनाचा आवाज शोषण्यासाठी बसवलेला असतो. त्याला थिनरही लागू देऊ नका, कारण थिनरने भिजलेला फोम तापत्या इंजिनावर आगीला निमंत्रण देतो. रंगकाम उघड्या हवेत, तोंडाला योग्य मास्क लावून आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा.

सगळे झाकण रंगवण्यापूर्वी आतल्या एका कोपऱ्यात थोडा रंग देऊन आठवडाभर वाळू द्या. ब्लेडने त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारा, चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन निघून आले, तर घासणी आणि प्राइमर यांपासून पुन्हा सुरुवात करा.