पुस्तकाला नाव काय द्यावे?

प्रश्न : माझे वडील एसटीत वाहक होते. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाला मी ‘स्मृतिगंध’ हे नाव दिले आहे. प्रकाशक म्हणतात, बदला. का बदलावे?

उत्तर : प्रकाशकांचे ऐका. ‘स्मृतिगंध’ कुणाच्याही आठवणींना चालेल, आणि हीच त्याची अडचण आहे. त्यात तुमचे वडील कुठेच नाहीत. ‘बटाट्याची चाळ’ (1958) किंवा ‘बलुतं’ (1978) ही नावे दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला लावून बघा, बसणार नाहीत. सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (1990) तर ‘तरी’वरच थांबते, पुढे काय, म्हणून हात आपोआप पुस्तकाकडे जातो. ‘कोसला’ तीन अक्षरांत संपते. दुकानात गिऱ्हाईक नाव तोंडाने मागते, तिथे जोडाक्षरांची माळ अडखळते.

नाव बहुतेकदा हस्तलिखितातच दडलेले असते. वडील घरी कोणते शब्द वापरत, ते शोधा. रात्री गावातच थांबणाऱ्या बसला ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात. मला तरी हे नाव फार आवडेल. ‘एका वाहकाच्या आठवणी’ ही ओळ खाली बारीक अक्षरांत द्या. मात्र त्या नावाचे पुस्तक आधी आलेले नाही ना, हे ग्रंथालयात नक्की पाहा.