यंत्र घेण्याआधी

कशेडी

चि. मृणाल,

ब्लड कल्चरचं, म्हणजे रक्तातले जंतू शोधायचं यंत्र निवडायचं काम तुझ्या गळ्यात पडलं, असं दादाने सांगितलं. दोन्ही कंपन्या प्रात्यक्षिक करून गेल्या आणि जिचं यंत्र जंतू सापडल्याचं सांगत आधी वाजलं तिचंच घ्यावं, असं तुमच्या वरिष्ठांच्या मनात आहे म्हणे. तू मात्र घाई करू नकोस. प्रात्यक्षिकाच्या बाटलीत ई. कोलाय घातला की कुठलंही यंत्र दहा-बारा तासांत वाजतं. तो न बोलावता जेवायला बसणारा पाहुणा, त्याच्यावरून यजमानाची परीक्षा करू नये!

एका कंपनीचं बॅक्टेक बाटलीच्या बुडाची चमक मोजतं, दुसरीच्या बॅक्ट-अलर्टमध्ये बुडाचा रंग निळसर हिरव्याचा पिवळा होतो. दोघांनाही कळतो तो जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइडच, आणि दोघंही दर दहा मिनिटांनी बघतात. आम्ही बाटली उजेडासमोर धरून गढूळपणा शोधायचो, त्यापुढे हे सुखच. पण आपल्या भागातल्या पेशंटचं रक्त कुठलं यंत्र चुकवतं, हे तुला शोधायचं आहे.

त्यासाठी एकाच वेळी काढलेलं रक्त दोन्ही कंपन्यांच्या बाटल्यांत सारखं घाल, आणि आधी कुठली भरायची ते आलटून पालटून ठरव. बाटली भरण्याआधी आणि भरल्यावर तोलून घे. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली धर. मोठ्या माणसाच्या रक्तात कधी कधी मिलीमागे एकही जिवंत जंतू नसतो, म्हणून तर बाटलीमागे 8 ते 10 मिली मागतात. एकीत नऊ आणि दुसरीत पाच गेलं, तर तू यंत्रांची नव्हे, सिरींज धरणाऱ्या हाताची तुलना केलीस.

यंत्राचं घड्याळ बाटली आत ठेवल्यावर सुरू होतं, हे विसरू नकोस. पोलादपूरला संध्याकाळी काढलेलं रक्त तुमच्याकडे सकाळी पोचलं, तर मधली रात्र त्याच्या हिशेबात नाही. कशेडीच्या बोगद्यामुळे घाटाची वळणं वाचली, तरी पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा काय? म्हणून प्रत्येक बाटलीवर सुई टोचल्याची वेळ लिहायला लाव. शिवाय मोजके जंतू घातलेल्या काही बाटल्या मुद्दाम बारा तास, चोवीस तास बाहेर ठेवून मग यंत्रात घाल. आधीच भरपूर वाढलेला जंतू यंत्राला दिसतच नाही, असंही होतं. आणि सिस्टरना बजाव, वाट बघणारी बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, इनक्युबेटरमध्येही नाही.

आपल्याकडचा पेशंट बहुधा गावात अँटिबायोटिकची दोन इंजेक्शनं घेऊनच येतो. बाटलीतलं रेझिन औषध शोषतं खरं, पण कुठली बाटली कुठलं औषध किती शोषते यात फरक असतो. सेफ्ट्रिॲक्सोन घालून पडताळणी कर. माहितीपत्रकावर जाऊ नकोस.

यंत्र वाजलं आणि ग्राम स्टेनमध्ये काहीच नाही, अशा बाटल्या वेगळ्या मोज. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असल्या की हे घडतं, बाटली जास्त भरली तरी घडतं. कातडीवरचे जंतू शिरणं हा तर यंत्राचा दोषच नव्हे. ते प्रमाण तीन टक्क्यांवर गेलं, तर आधी रक्त काढणाऱ्यांना शिकव.

लावणीच्या दिवसांतल्या तापाबद्दल डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांग, लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) आणि स्क्रब टायफस ही यंत्रं पकडत नाहीत. पाच दिवसांनी आलेला निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून कुणी लेप्टोचं औषध बंद केलं, तर अनर्थ होईल.

किंमत विचारशील ती बाटलीची विचार, यंत्राची नाही. यंत्र कंपन्या फुकटसुद्धा देतील. 2024 साली बॅक्टेकच्या बाटल्यांचा जगभर तुटवडा पडला होता, म्हणून पुरवठ्याची हमी लेखी घे. यूपीएस किती वेळ टिकतो तेही बघ. तळमजल्यावर जागा देऊ लागले तर ठाम नाही म्हण. 22 जुलै 2021 चा महाडचा पूर सगळ्यांनी पाहिलाय.

नोंदी स्वतःच्या हाताने ठेव. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचं काम ‘लॅन्सेट’पर्यंत नेलं ते पेशंटच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींच्या बळावर. दोन्ही यंत्रांचे जुळलेले निकाल मला पाठवू नकोस. एकाने पकडलं आणि दुसऱ्याने सोडलं, अशा जोड्यांची यादी तेवढी पाठव, आपण फोनवर एकेक बघू.

तुझी,
आत्या